नाक्यावरचा धुतलेला फळा

मित्रांनो, मी फळा आहे, पण शाळेतला नव्हे. घाटकोपरच्या डोंगरावर आमची चाळींची वस्ती आहे. तिच्या नाक्यावर, बुद्धविहाराच्या भिंतीला मी पुष्कळ वर्षं टांगलेला होतो. आता मी जुना झालो आहे आणि माझ्या घावाने एक माणूस मेला आहे.

माझा जन्मही मोडतोडीतलाच. आधी मी एका घराचं दार होतो. अतिक्रमण पाडायला जेसीबी आला तेव्हा आत एक बाई भाकऱ्या थापत होती. मला लाथ मारून उघडलं, तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. तिचे हात पिठाचे तसेच होते. मग यंत्राचे दात माझ्यात घुसले आणि बिजागऱ्यांसकट मी ढिगाऱ्यावर पडलो. राजारामकाकांनी मला तिथून उचललं. ते तेव्हा टेलिफोन खात्यात होते. त्यांनी मला रंधा मारला, सांधे ठोकले, काळा रंग दिला आणि भिंतीवर चढवून म्हणाले, "आता बोल."

तेव्हापासून मी बोलत आलो. रोज सकाळी काका माझ्यावर आपलं मत लिहीत आणि खाली सही करत. 'साहेब विकासासाठी पुन्हा पक्ष बदलून गेले. हा विकास कुठे राहतो, तो पत्ता आम्हालाही द्यावा.' 'नगरसेवक नाहीत म्हणून गटार तुंबलं म्हणतात. नगरसेवक होते तेव्हा त्यात कमळं फुलत होती काय?' लोक कामाला जाताना वाचत आणि हसत. कोणी म्हणे, "काका, आज एकदम झकास." कोणी म्हणे, म्हाताऱ्याला दुसरा धंदा नाही. माझ्यावर डांबर फेकलं गेलं, शेण फेकलं गेलं, एका निवडणुकीत दगडाने माझा कोपरा उडाला. काका खरवडून पुन्हा रंग देत.

आमच्या वस्तीची एक रीत होती. सकाळी लिहिलेलं दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी पुसायचं नाही. मात्र वस्तीत कोणी गेलं, की मला पाण्याने स्वच्छ धुवायचं आणि 'कालकथित' असं लिहून पुढे त्या माणसाचं नाव घालायचं. त्या दिवशी राजकारण बंद.

महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा विहाराशेजारच्या अभ्यासिकेला एका पक्षाच्या माणसांनी आपलं कुलूप लावलं आणि तिथे प्रचाराचं कार्यालय थाटलं. बाकं बाहेर उन्हात आली. हे काम मिथुनने केलं. मिथुन ह्याच वस्तीतला, आता चांगला तिशीचा. काकांनी माझ्यावर लिहिलं, 'मुलांनी परीक्षेला प्रचाराची पत्रकं पाठ करून बसावं काय? मिथुन, चावी परत कर.'

संध्याकाळी तो दोघांना घेऊन आला. काका विहाराच्या पायरीवर बसले होते. समोरच्या दारात वनमालाबाई मेथी निवडत होत्या.

"काका, पुसा ते."

"उद्या सकाळी पुसेन."

"नाव तेवढं काढा ना. बाकीचं राहू दे. साहेब सगळ्यांसमोर बोलले, तुझ्याच एरियात तुला कोण विचारत नाय."

"चावी दे. मग नाव मीच पुसतो."

सोबतच्यांपैकी एकजण हसला. तो मिथुनला हसला की काकांना, मला कळलं नाही. मिथुनला वाटलं आपल्यालाच. त्याने मला दोन्ही हातांनी धरून ओढलं. खिळे भिंतीतून निघाले, गिलावा खाली आला. काका उठून म्हणाले, "अरे, आपटशील त्याला." ते माझ्या काळजीने बोलले. पुढच्या क्षणी माझी कड त्यांच्या कानावर बसली.

लाकडाला आवाज कळतो. भिंतीवर आपटल्याचा वेगळा आणि हाडावर बसल्याचा वेगळा. काका गुडघ्यावर आले. त्यांनी हात वर केला, तर मी त्या हातावर आपटलो. बोटं मोडली. मग पुन्हा डोक्यावर. उरलेल्या दोघांनी पोटात लाथा घातल्या. खडूची काही अक्षरं रक्ताने ओली होऊन ओघळली आणि माझ्या सांध्यांत शिरली. चाळीतली दारं एकामागून एक लागत गेली. मिथुनने मला तिथेच टाकलं आणि चपला शोधत बसला. एक चप्पल काकांच्या अंगाखाली होती. त्याने ती ओढून काढली, पायात घातली आणि गेला.

पहाटे काका हॉस्पिटलमध्ये वारले. वस्तीने रीत पाळली. वनमालाबाईंनी रडत रडत मला घासून धुतलं. रक्ताळलेल्या फळ्यावर काकांचं नाव कसं लिहायचं, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं. पोरांनी मला पुन्हा भिंतीवर ठोकलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'कालकथित राजाराम यांचे दुःखद निधन.' पोलीस आले तेव्हा ना रक्त होतं, ना काकांचं शेवटचं वाक्य. म्हातारा पायरीवरून पडला, असं चाळीने सांगितलं. दुपारी नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लागला. वर साहेब, मध्ये काका आणि खाली हात जोडलेला मिथुन.

काकांची मुलगी संघमित्रा बोरिवलीहून आली होती. पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर ती दारोदार फिरली. कोणी आंघोळीला गेलं होतं, कोणाचा टीव्ही मोठा होता. शेवटी ती वनमालाबाईंच्या दारात आली.

"मावशी, फळा कोणी धुतला?"

"मीच गं. पाणी लाल झालं, पुन्हा बादली भरून आणली…" त्या थांबल्या. आपण काय बोललो, ते त्यांना कळलं.

"एवढंच पोलिसांना सांगा."

"एवढं सांगितलं की पुढचं विचारतील."

"हो."

"माझा किरण रोज ह्याच नाक्यावरून येतो-जातो गं."

"माहीत आहे, मावशी." संघमित्रा तिथेच उंबऱ्यावर बसली.

वनमालाबाईंनी समोर भिंतीवर माझ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "पुसताना वाचलं होतं मी. चावीचं. शब्दन्‌शब्द सांगते. चप्पल घालू दे, थांब."

त्यांच्या जबाबानंतर पोलीस मला घेऊन गेले. तपासणाऱ्याने माझे सांधे उकलले. जिथे वनमालाबाईंचा हात पोचला नव्हता, तिथे रक्त वाळून बसलं होतं. मिथुन आत आहे. किरणला एकदा नाक्यावर मारहाण झाली, तरी वनमालाबाईंनी जबाब बदललेला नाही. खटला अजून उभा राहायचा आहे.

मी आता कापडात गुंडाळलेला, लाखेचं सील मारलेला, पोलिसांच्या कोठडीवजा खोलीत पडून आहे. शेजारी कोयते आहेत, लोखंडी सळ्या आहेत. त्यांच्यात मला ठेवलं, ह्याचं वाईट वाटतं, पण चूक म्हणता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत एखादा फळा असेल तर त्याला जपा. त्यावर कोणी तुम्हाला न पटणारं लिहिलं, तुमचं नाव घेऊन लिहिलं, तर राग येईल. येऊ द्या. पण त्या संध्याकाळी माझ्यावर काकांच्या सहीखाली हातभर जागा रिकामी होती. मिथुनने खडू मागितला असता, तर काकांनी तो दिला असता.