रियाझी खोडणारा टाक

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे, आणि माझी हकीकत सांगताना मान वर होत नाही.

माझं दांडकं सागाचं. निजामाच्या अमलात परभणीच्या एका गणिताच्या मास्तरांनी मला करवून घेतलं. शाळा उर्दूतून चालायची आणि उर्दूत गणिताला रियाझी म्हणतात. प्रश्नपत्रिकेच्या डोक्याला तो शब्द मी अकरा वर्षं लिहिला. पुढं मास्तर वारले आणि मी कचेरीसमोर अर्ज लिहून देणाऱ्या भुजंगरावांकडं आलो. त्यांची उर्दू कोर्टाच्या कागदांपुरती. पण माझं कौतुक काय विचारता! भुजंगरावांचा टाक कधी डाग पाडत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो.

एका बाजाराच्या दिवशी ताडकळसचे कापडवाले मन्मथअप्पा लेकाचा कॉलेजचा फॉर्म भरून घ्यायला आले. त्यांचा वीरुपाक्ष तापानं अंथरुणात होता. त्याला हैदराबादेत बी.ए. करून मुंबईला व्यापाराच्या कॉलेजात जायचं होतं. त्यासाठी बी.ए.ला कोणते विषय घ्यायचे ते त्यानं उर्दूत चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. अप्पांना उर्दू वाचता येत नव्हती. भुजंगरावांनी पहिला विषय वाचला, मआशियात, म्हणजे अर्थशास्त्र. मी लिहिला. दुसरा वाचला, रियाझी. तोही लिहिला, आणि अप्पांच्या कपाळाला आठी पडली. वीरुपाक्ष मठात भजनं फार गोड म्हणायचा. पोरगं गाण्याच्या नादी लागेल, हा त्यांचा जुना घोर.

"रियाज करायला चाललंय व्हय? खोडा ते."

भुजंगरावांनाही तो गाण्याचा रियाजच वाटला. मग दुसरं काय लिहू, म्हणून त्यांनी फॉर्मावरची यादी वाचली. त्यात तारीख हा विषय आला.

"हां, तारीख लिवा. यापाऱ्याला तारीख लागतीच की."

अरे देवा! उर्दूत तारीख म्हणजे इतिहास. मी शाळेत वाढलेला, मला दोन्ही शब्द ठाऊक होते. मला तोंड नव्हतं, पण डाग पाडता येत होता. शाईचा एक थेंब सांडला असता तर नवा फॉर्म आणावा लागला असता. मुदतीला चार दिवस होते, घरी जाऊन वीरुपाक्षला विचारता आलं असतं. पण माझी मिजास! मी रियाझीवर सरळ रेघ ओढली आणि सुबक अक्षरात तारीख लिहिलं.

वीरुपाक्ष बरा होऊन हैदराबादेला पोचला, तोवर गणिताच्या जागा भरल्या होत्या. अप्पांनीच ठरवलं असेल असं समजून तो गप्प राहिला आणि इतिहास शिकला. पदवी मिळाल्यावर मुंबईहून नकार आला. गणिताशिवाय प्रवेश नाही. तो कागद घेऊन बापलेक भुजंगरावांकडं आले, तेव्हा कुठं तो खोडलेला शब्द आठवून अप्पांनी विचारलं, रियाझी म्हंजी काय रे?

"गणित, अप्पा," वीरुपाक्ष म्हणाला. "एकदा मला इचारायचं तरी."

अप्पा उपरण्यानं तोंड झाकून बसले. भुजंगरावांनी मला वीरुपाक्षच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, आता कुणाच्या लेकराचा फॉर्म मी भरणार न्हाई.

वीरुपाक्ष आता ताडकळसच्या दुकानात बसतो. मालाची पत्रं माझ्यानंच लिहितो आणि मला नीट पुसून ठेवतो. मित्रांनो, दुसऱ्यासाठी लिहायची वेळ आली, तर शब्द ओळखीचा वाटला तरी ज्याचा आहे त्याला विचारा. कागद बिघडला तर बिघडू द्या. मी बिघडू दिला नाही. रोज सकाळी वीरुपाक्ष मला दौतीत बुडवतो आणि पत्राच्या डोक्याला पहिला शब्द लिहितो, तारीख. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.