अडकलेल्या झाडाखालचा जावई

अक्काला सगळ्याच माणसांचा तिटकारा होता असं नाही. तिला तिटकारा होता तो बिनकामाच्या माणसांचा, पण तसली माणसं तिला जिकडेतिकडे दिसत. उमेदीची सगळी वर्षं तिने लागवडीच्या जंगलात काढली होती. आधी खड्डे खणले, मग रोपं लावली, तण उपटलं, आणि आता विरळणीच्या टोळीत होती. दाटीत वाढलेल्या रांगांमधली वाकडी, रोगट, किडकी झाडं पाडायची, म्हणजे उरलेल्यांना ऊन मिळतं. माणसांतही अशी विरळणी करायची सोय असती तर सुरुवात कुणापासून करायची, हे तिचं ठरलेलं होतं. धाकट्या बहिणीच्या नवऱ्यापासून.

आई त्याला कौतुकाने जावईबापू म्हणे. अक्काही जावईबापूच म्हणे, पण तिच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा वाजे. त्याचं मोबाइलदुरुस्तीचं दुकान बसलं आणि दोघं आईकडेच राहायला आली, तेव्हा आईने अक्काच्या मागे टुमणं लावलं.

"मुकादमाला सांग आणि तुझ्या टोळीत घे त्यांना. जावई घरात बसलाय, बरं दिसतं का?"

"आई, त्यांना बसायचीच सवय आहे. जंगलात खुर्च्या नसतात."

पण धाकटी खाली मान घालून भांडी घासत राहिली, म्हणून अक्काने शब्द टाकला.

पहिल्याच दिवशी जावईबापू काळा चष्मा लावून हजर झाला. हेल्मेट त्याने असं तिरपं घातलं होतं की जणू वरातीला निघालाय. त्याला पडलेल्या झाडाच्या फांद्या छाटून त्यांचा ढीग लावायचं काम दिलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने ढीग कमी लावला आणि अक्कल जास्त पाजळली. "झाड पाडायला काय लागतं? एका बाजूने कापायचं, दुसऱ्या बाजूने पडतं!" टोळीतली माणसं गालात हसत होती. अक्का हसली नाही. गाढवाला गूळ चाखवायला ती आली नव्हती. यांत्रिक करवतीच्या साखळीला धार लावत तिने पाठ फिरवली.

मग तो दिवस उजाडला. करवतवाल्याने कापलेलं एक झाड पडता पडता शेजारच्या झाडाच्या बेचक्यात अडकलं आणि तिरपं लटकून राहिलं. अशा झाडाखाली जायचं नाही, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही सांगतात. करवतवाला ट्रॅक्टर आणायला गेला, कारण लांबून तारेने ओढूनच ते खाली घ्यावं लागतं. बाकीचे मागे सरकले. अक्काने वळून पाहिलं तर जावईबापू नेमका त्या झाडाखाली! त्या तिरप्या बुंध्याची छान सावली पडली होती. मोबाइल उंच धरून स्वारी स्वतःचा फोटो काढत होती.

वर कुठेतरी कडकड वाजलं.

"अरे मूर्खा, हल तिथून!" अक्का ओरडली आणि धावली. तो हसतमुखाने फोटोच काढत राहिला. तिने त्याची कॉलर धरली आणि पोत्यासारखा ओढला. झाड दाणकन आदळलं. त्याची एक फांदी अक्काच्या खांद्यावर बसली. जावईबापूच्या कोपराला खरचटलं.

दवाखान्यात खांद्याचं हाड मोडल्याचं कळलं. अक्का हात गळ्यात बांधून घरी आली आणि आतल्या खोलीत आडवी झाली. बाहेरून जावईबापूचा आवाज ऐकू येत होता.

"मी म्हटलं, अक्का, हला तिथून! पण त्यांचं लक्षच नव्हतं. मग काय, मारली उडी, धरलं आणि ओढलं!"

"देवासारखे धावलात हो," आईने हात जोडले. मग दारातून डोकावून ती लेकीला म्हणाली, "आणि तू म्हणत होतीस, त्यांना टोळीत नको!"

अक्काने भिंतीकडे तोंड केलं. खरं सांगायला तोंड उघडावं एवढीसुद्धा त्या माणसाची लायकी नव्हती.

धाकटी पाणी घेऊन आत आली. "अक्का, हे खोटं बोलतायत ना?"

"तुला कसं कळलं?"

"तुला ओढायला आधी तुझ्याजवळ यावं लागेल. तू काम करत असणार. हे कामाच्या जवळ कधी येतात?"

अक्काला हसू आलं आणि खांद्यातून कळ गेली.

मुकादमाने झाड पडताना पाहिलं नव्हतं. करवतवाला ट्रॅक्टरकडे, बाकीचे लांब, झाडीआड. अक्का काही बोलत नाही म्हटल्यावर त्यानेही जावईबापूचीच कहाणी खरी धरली आणि त्याला सुरक्षेवर नेमून टाकलं. गळ्यात शिट्टी, अंगात चमकणारं जाकीट. खांदा भरून आल्यावर अक्का कामावर परतली, तेव्हा अडकलेल्या झाडाखाली का जाऊ नये यावर जावईबापू भाषण देत होता. तिला पाहून त्याची जीभ जरा अडखळली. ती पचकन थुंकली आणि करवत उचलली.

पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. माणूस पुरता भेदरलेला होता. वारा सुटला की शिट्टी, फांदी हलली की शिट्टी, खार पळाली तरी शिट्टी. सगळ्यांना तो इतक्या लांब उभं करी की काम रखडायचं. टोळी त्याला मनसोक्त शिव्या द्यायची.

एके दुपारी ट्रॅक्टरवाला तार बांधायला एका झाडाशी वाकला होता. शिट्टी वाजली. "वाजला याचा बाजा," म्हणत तो कंटाळून मागे आला. तेवढ्यात शेजारचं, वरून धडधाकट दिसणारं आणि आतून पोखरलेलं झाड मोडलं आणि तो वाकला होता तिथेच कोसळलं.

ट्रॅक्टरवाला जावईबापूच्या गळ्यात पडून रडला.

"तुम्हाला दिसलं होतं?" अक्काने नंतर विचारलं.

"नाही हो. माझ्या पायाला मुंगळा चावला. मी घाबरून वाजवली."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला! अक्काने मान हलवली. हा माणूस पुण्यसुद्धा चुकूनच करणार.

संध्याकाळी जेवताना जावईबापू नुसता भात चिवडत होता. आईने दोनदा कारण विचारल्यावर त्याने ताट सरकवलं.

"आई, एक सांगायचंय. आज तो ट्रॅक्टरवाला गळ्यात पडून रडला आणि मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी मी अक्कांना वाचवलं नव्हतं. मी झाडाखाली फोटो काढत होतो. त्यांनी मला ओढलं, म्हणून त्यांचा खांदा मोडला. मी खोटं बोललो."

आईचे डोळे भरून आले.

"ऐकलंस?" ती अक्काकडे वळली. "किती मोठं मन! स्वतःचं श्रेय तुला देतायत. नाहीतर तू, कधी चांगला शब्द नाही तोंडात."

"अहो आई, खरंच—"

"पुरे झालं. इतका साधेपणा बरा नव्हे," असं म्हणून आईने त्याच्या ताटात आणखी वाढलं.

धाकटीला ठसका लागला. पदर तोंडात कोंबून ती स्वयंपाकघरात पळाली आणि तिथे खो खो हसली. जावईबापू केविलवाणा होऊन अक्काकडे पाहत होता. निदान तिने तरी खरं सांगावं, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. पहिल्यांदाच तो तिच्याकडे काही मागत होता, आणि तेही स्वतःची फजिती.

अक्काने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवला.

"जेवा, जावईबापू," ती म्हणाली. "खोटं एका दमात पटवलंत, आणि आता खरं काही पटवता येईना. उद्या लवकर निघायचंय. शिट्टी विसरू नका."