चवथा सोबती

आमचे मालक शाळेत मास्तर; त्याईच्या एकदा डोक्यात आलं की आलं. शाळाखात्याचे साहेब नागपूरहून शाळा तपासाले आले अन् बोलता बोलता सांगून गेले, "आम्ही सुटीत बायकापोरं घेऊन नदीवर फिरतो." झालं! दिवाळीच्या सुटीत आपणही डोंग्यात बसायचं अन् पूर्णामायच्या पाण्यानं थेट माह्या माहेराच्या घाटाले लागायचं. सडक होती, छकडा होता, पण नाई. मी म्हणली, "चार कोसाच्या वाटेले दिवसभर पाण्यावर बसून काय अंडी उबवाची हायेत?" तर म्हणते, "मंजुळे, तेवढीच हवा बदलते." दोन सालांत पहिल्यांदा हासले, म्हणून मी चूप बसली.

हासासारखं घरात काही नव्हतंच. दोन सालांमागं पौषात मले पोरगं झालं, अन् नवव्या दिवशी गेलं. बारसंही झालं नाई. मास्तरानं जुन्या धोतरात गुंडाळून नेलं अन् नदीकाठी मातीत ठेवलं. आमच्यात बाया मातीले जात नाईत. कुठं ठेवलं ते मी विचारलं नाई, त्याईनं सांगतलं नाई. आता उरली एक प्रेमला, सहा वर्षांची. सारा जीव तिच्यातच.

सकाळी नदीच्या उतारावर आलो. कडूबा भोई डोंगा धरून उभा होता. मास्तर पाठमोरे वाकून वळकटी लावून राह्यले होते, पोरगी उड्या मारत होती. अन् मले एकदम आठवलं, अगं बाई, आपण घरून तिघंच निघालो! तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघं निघाले की चवथा म्हणून दगड संग घ्यावा, हे काय कोणाले शिकवा लागते?

कडूबा हासला. "मंजुळाबाई, मी हाओ ना चवथा!"

"तू डोंग्याचा रे. घरच्यात तू कसा?" म्हणली, अन् बाभळीखाली जाऊन एक गोल दगड उचलून आणला. चांगला खरबुजाएवढा. खाली ओला खड्डा पडला. एवढा मोठा काऊन घेतला, म्हणाल तर माहीत नाई. लहान दगड पायलीचे पन्नास होते, पण हाती तोच आला.

प्रेमलानं तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून छातीशी धरला. डोंगा निघाला. ऊन कोवळं होतं, काठावर ज्वारी उभी होती, अन् खोटं काऊन बोलू, मलेही बरं वाटून राह्यलं होतं. मग पोरगी हळूच बोलाले लागली. "तो पाह्य बगळा. ती पाह्य म्हैस."

"कोणासंग बोलून राह्यली वं?"

"यालेच दाखवून राह्यली. यानं काहीच पाह्यलं नाई, माय. याले नुसती माती माहीत हाये."

तेवढ्यात कडूबानं बांबू थांबवला. "मास्तर, डोंगा बसून राह्यला."

पाणी डोंग्याच्या काठाच्या दोन बोटं खाली आलं होतं. भोक नाई, गळती नाई. डोंग्यात थेंब नव्हता, तरी तो खालीच चालला होता. कडूबानं बांबू पुरा आत घातला, तर बुडाले टेकेना. "इथं म्हशी डुंबतात हो," म्हणे, "कमरेएवढं पाणी हाये इथं."

दगडावरचा तुकडा सरकला होता; मास्तरानं तवा कुठं त्याच्याकडे पाह्यलं. "हा कुठून आणला?"

"बाभळीखालून. काऊन?"

"तो मीच ठेवला होता, मंजुळे. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून."

माह्या डोक्यात जाळ झाला. "दोन साल! दोन साल मी त्याच उतारावर धुणं धुतलं, अन् तुमच्यानं एक बोट दाखवल्या गेलं नाई?"

"भांडण मंग करा!" कडूबा ओरडला. "आधी पाण्यात सोडा त्याले!"

मास्तर पुढं झाले. प्रेमला दगड कवटाळून डोंग्याच्या काठावर चढली. एक पाय पाण्यात. "सोडा," म्हणे शांतपणे. "मी बी जातो त्याच्यासंग. त्याले एकट्याले करमत नाई."

मास्तरानं हात मागं घेतला. मी ना रागावली ना रडली. कसं सुचलं देव जाणे. पदर पसरला. "प्रेमले, तू बहीण हायेस. माय मी हाओ. दे त्याले माह्याजवळ."

तिनं दगडाकडे पाह्यलं, कोणाले विचारावं तसं. मग दिला. ओझं नव्हतंच काही. नऊ दिवसांच्या लेकराएवढंच. डोंगा हातभर वर आला अन् बांबू रेतीत टेकला.

काठाले लागताच मी उतरली. मास्तर म्हणाले, "आण, मी ठेवून येतो."

"एकदा तुम्ही नेलं. आता मी नेतो. पोरीले धरून बसा."

पायी मागं त्या बाभळीखाली आली. खड्ड्यात ठेवला, हातानं माती लोटली, तोंडाले आलं ते बोलली. ठेवून निघालं की मागं पाहू नये, हे बायांलेही माहीत हाये. दहा पावलं आली असेन. मागून हाक आली, "माय."

प्रेमला तर तिकडं दूर, बापाजवळ होती. मी मागं पाह्यलं. कोणती माय नाई पाहणार, तुम्हीच सांगा! तिथं कोणीच नव्हतं.

प्रेमला चांगली हाये. खाते, खेळते, शाळेत जाते. तेवढी माह्या मांडीवर बसत नाई. मी मांडी थोपटतो, ये म्हणतो, तर दूर उभी राहून पाह्यते. म्हणते, "जागा नाई, माय."