माझा तिसरा सिलिंडर बंद पडला तेव्हा

मित्रांनो, अंगणाच्या कडेला उभी असलेली ही निळी, जुनी मोटार म्हणजे मी. माझी दारे गंजली आहेत, एक काच हाताने ढकलून वर करावी लागते. तरी मला एवढ्यात भंगार म्हणू नका.

कारखान्यातून मी आले ती थेट या घरी. घरातले बाबा यंत्रशाळेत फिटर होते. माझ्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकात पेट्रोलची वाफ शिरते, ठिणगी पडते आणि ती पेटते. चौघे आपापल्या पाळीला पेटले की मी सुरेल चालते. एकाने दांडी मारली की माझे सगळे अंग थरथरते. बाबांना ते नुसत्या आवाजावरून कळायचे. "खोकायला लागली माझी राणी," म्हणत ते लगेच बॉनेट उघडायचे. शेजारी म्हणायचे, "पोटच्या पोरीला तरी इतकं जपता का हो?" जपत होते, तिलाही तितकेच जपत होते.

पुढे आयुष्यभराच्या गोंगाटाने बाबांचे कान गेले. मग त्यांनी बॉनेट उघडणेही सोडले आणि माझी किल्ली सुनेकडे आली. सून मला झोकात चालवायची, पण माझ्या पोटात काय चालते ते तिला ठाऊक नव्हते. काही दिवसांपासून माझ्यातून 'टिक टिक' असा बारीक आवाज येत होता. तिने तो ऐकला होता. पण बाबांना काही सांगायचे तर ओरडावे लागे, आणि ओरडले की ते चिडत, "बहिरा आहे मी, वेडा नाही!" मग तिने सांगायचे टाळले.

बाबांच्या लेकीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. एका धुक्याच्या सकाळी रुग्णालयातून फोन आला. तिच्यासाठी मूत्रपिंड मिळाले होते. पण दुपारच्या आत पोचायला हवे होते, नाहीतर ते दुसऱ्या रुग्णाला जाणार होते.

सून गाडी चालवायला बसली, बाबा शेजारी, लेक मागे. टेकडीचा चढ लागला आणि माझे बळच सरले. मी हिसके देऊ लागले. सुनेने मला कशीबशी कडेला घेतले. शहरातून दुसरी गाडी मागवली असती, तर ती इथवर येईपर्यंतच दुपार झाली असती.

"जाऊ दे वहिनी," लेक मागून म्हणाली. "नशिबातच नसेल."

"ताई, तुम्ही गप्प बसा!"

बाबा उतरले. त्यांनी माझ्या थरथरत्या इंजिनाला तळवा लावला. "एक सिलिंडर मेलाय," ते म्हणाले. "कुठला, ते हाताला कळत नाही. त्याला कान लागतात." आणि त्यांची मान खाली गेली.

सुनेने त्यांची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. "मी ऐकते, बाबा. काय ऐकायचं ते तुम्ही सांगा."

बाबांनी डिकीतले जाड रबरी हातमोजे चढवले. "प्लगला ठिणगी नेणारी एकेक वायर काढून परत लावतो. आवाज आणखी बिघडला, तर तो सिलिंडर जिवंत. फरकच पडला नाही, तर तोच मेलेला."

पहिली वायर काढली. मी आचके दिले. "बिघडला!" दुसरी काढली. "बिघडला!" तिसरी काढली.

"काहीच नाही! होता तसाच आहे!"

इंजिन बंद करून बाबांनी तिसऱ्याचा प्लग खोलला. तो ओला आणि काळा होता. त्यांनी तो पुसून दुसऱ्यात बसवला आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात. मला पुन्हा सुरू केले. तरी मेलेला तिसराच. म्हणजे प्लग ठीक होता. "आतली झडप जळाली असेल, तर संपलं," बाबा पुटपुटले. धुके उजळत चालले होते. मागच्या सीटवर लेक पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"बाबा, टिक टिक वाजतंय," सून म्हणाली. "बरेच दिवस वाजतंय."

"काय?"

"टिक! टिक!" ती ओरडली. बाबा चिडले नाहीत. "कुठून?" त्यांनी अधीरपणे विचारले.

तिने वाकून, कान देऊन बोट दाखवले. तिसरी वायर लोखंडाला टेकली होती आणि तिथेच तिची साल तडकली होती. ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच लोखंडावर उडी मारत होती. ओल्या हवेने तिचे आणखी फावले होते. आवाज होता तो तिचाच.

इंजिन बंद झाले. बाबांनी वायर कोरडी पुसली, तिच्यावर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. ती लोखंडापासून दूर राहावी म्हणून लेकीने केसांचे रबर काढून दिले. त्या रबराने बाबांनी वायर वर बांधली. सुनेने किल्ली फिरवली, आणि माझे चौघे एका सुरात बोलू लागले.

तो चढ मी जीव मुठीत धरून चढले. गाठ सुटली तर? पट्टी निघाली तर? रुग्णालयाच्या दारात चाकांची खुर्ची तयार होती. लेक आत गेली. माझे इंजिन बंद केल्यावरही बाबांनी कितीतरी वेळ बॉनेटवरचा हात काढला नाही.

पुढचे मला परतीच्या वाटेवर त्यांच्या गप्पांतून कळले. शस्त्रक्रियेनंतर नर्सने सुनेच्या कानात हळूच चांगली बातमी सांगितली. बाबांना ती ऐकू जाईना. शेवटी सून भरल्या दालनात बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाबा, लघवी सुरू झाली! नवीन मूत्रपिंड चाललं!" सगळे दालन हसले. बाबा मात्र ढसाढसा रडले.

मित्रांनो, आम्हा जुन्यांचे मागणे फार नाही. आमचा सूर बदलला तर थांबा, उघडून बघा. आणि घरात कुणाला ऐकू येत नसेल, तर त्यांना सांगायचे सोडू नका. जरा मोठ्याने सांगा. लोक हसले, तर हसू द्या.