वाटेत पळालेली हवा

डॉक्टरबाई गॅरेजच्या फाटकातून चालत आत आल्या. त्यांची गाडी मागून टोचन करून येत होती. गुरांच्या डॉक्टर त्या. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, बुटांवर कालचाच वाळलेला चिखल.

"मिस्त्री, बाहेर या," त्या म्हणाल्या.

मिस्त्री एका गाडीखाली होता. हात पुसत उठला.

"तीन महिन्यांत तीन वेळा गाडी तुमच्याकडे आली. इंजिन जास्त पेट्रोल पितंय म्हणालात. एकदा सेन्सर बदललात, एकदा इंजेक्टर साफ केलेत, एकदा ते हवेचं मीटर नवीन टाकलंत. दर वेळी छाती ठोकून सांगितलंत, आता बघायचं काम नाही! काल दुपारी वरच्या गोठ्यावर गाय अडली होती. वासरू पोटात आडवं. मी पाच मिनिटांत निघाले. चढावर तुमच्या या दुरुस्त गाडीनं काळा धूर ओकला आणि बंद पडली. बॅग खांद्याला लावून चालत वर गेले. पाऊण तास लागला. पोचले तेव्हा गाय पाय ताणून पडलेली. वासरूही गेलं."

गॅरेजमधली खडखड थांबली होती. मिस्त्रीला लाज वाटली की आधी रागच यायचा. बायको म्हणायची, तुमच्या नाकावरचा राग कधी घसरून खाली पडत कसा नाही.

"हे बघा डॉक्टरबाई, कॉम्प्युटरचं सगळं हा बघतो," त्यानं बोट दाखवलं ते मेहुण्याकडे. बायकोचा हा धाकटा भाऊ पाच वर्षांपासून त्याच्या हाताखाली होता. "याचा तो स्कॅनर सांगतो आणि हा पार्ट बदलतो. डोकं चालवायला नको. याच्या नादी लागलो आणि तोंडघशी पडलो."

मेहुण्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गाडी पहिल्यांदा आली तेव्हाच तो म्हणाला होता, "दाजी, पार्ट बदलायच्या आधी पाइपांत हवा भरून बघू, कुठे गळते का." त्यावर मिस्त्री खेकसला होता, "पाइप मी माझ्या हातानं बसवलेत. मला शिकवतोस?" हे दोघांनाही पक्कं आठवत होतं. मेहुण्यानं स्कॅनरची वायर गुंडाळायला घेतली.

"कुणी केलं ते मला नकोय," बाई म्हणाल्या. "काय झालंय ते हवंय. आज एकही वस्तू बदलायची नाही. मी जनावराला एकामागून एक औषधं टोचून बघत बसत नाही. आधी तपासते. तुम्हीही तपासा. मी इथेच बसते."

आणि त्या खरंच कोपऱ्यातलं स्टूल ओढून इंजिनाजवळ बसल्या.

मिस्त्रीनं दात-ओठ खात बॉनेट उघडलं. गाडी पंचवीस वर्षांची, टर्बोवाली. त्यानं चारही प्लग काढून फडक्यावर मांडले. चारही काजळीनं माखलेले. पेट्रोलचा वास नाकात गेला.

"एखादाच इंजेक्टर गळत असता तर एकच प्लग काळा झाला असता," तो आपल्याशीच पुटपुटला. "इथे चारहीकडे जास्त पेट्रोल जातंय."

मग पेट्रोलचा दाब मोजला. जेवढा हवा तेवढाच. दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची बारीक नळी काढून हुंगली. कोरडी, म्हणजे तिथूनही पेट्रोल गळत नव्हतं. प्लग साफ करून गाडी सुरू केली तर जागेवर उभी असताना इंजिन शहाण्यासारखं चाललं. धूर नाही, काही नाही.

"झालं! आता ही मलाच खोटं पाडणार," बाई म्हणाल्या.

"धूर कधी येतो?" मेहुण्यानं विचारलं. सकाळपासूनचं त्याचं पहिलं वाक्य.

"चढावर. पाय जोरात दाबला की."

"म्हणजे टर्बो हवा कोंबायला लागतो तेव्हाच." तो मिस्त्रीकडे न बघता बाईंशीच बोलत होता. "हवा आत शिरते तिथेच ते मीटर तिला मोजतं. त्या मापानं कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. पुढे टर्बो ती दाबून पाइपातून इंजिनात पाठवतो. आता पाइपाला मध्येच कुठे वाट मिळाली, तर मोजलेली हवा बाहेर पळते. पेट्रोल मात्र आलेलंच असतं. हवा कमी, पेट्रोल जास्त. धूर. गाडी उभी असताना पाइपात दाबच नसतो, म्हणून कळत नाही."

"हे आज सुचलं?" बाईंनी विचारलं.

मेहुण्यानं साबणाचं पाणी कालवायला घेतलं. मिस्त्री उगाचच पाना शोधायला लागला.

टर्बोच्या तोंडाला टोपण बसवून त्यांनी कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. मेहुणा वरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारत होता, मिस्त्री टॉर्च घेऊन खाली सरपटला. थोड्या दाबाला काहीच दिसलं नाही. "वाढव," तो ओरडला. काटा वर चढला आणि त्याच्या तोंडासमोर, ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या पाइपावर, फुसकन आवाज होऊन फेस उसळला. साबणाचं पाणी त्याच्या डोळ्यांत गेलं.

डोळे पुसून त्यानं पुन्हा बघितलं. रबरी पाइप धातूच्या नळीवर आवळून धरणारा पट्टा, म्हणजे क्लॅम्प, नळीच्या अगदी काठावर बसवलेला होता. नळीला जो उंचवटा असतो तो ओलांडून आत बसायला हवा होता. आणि क्लॅम्पच्या स्क्रूवर पिवळ्या रंगाचा ठिपका. स्वतः आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर मिस्त्री असा ठिपका द्यायचा. दुसऱ्या कुणाला त्या रंगाच्या डबीला हात लावायची मुभा नव्हती. चार महिन्यांपूर्वी क्लच बदलताना हा पाइप त्यानंच काढला होता, त्यानंच लावला होता.

एक पाना फिरवला की काम झालं असतं. पाइप फाटला होता म्हणून सांगता आलं असतं. त्याचा हात पान्याकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात मेहुणा शेजारी आडवा झाला. त्यानं क्लॅम्प बघितला, ठिपका बघितला.

"दाजी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही सांगताय की मी सांगू? सकाळी चारचौघांत माझ्यावर खापर फोडलंत. बहिणीचा नवरा म्हणून गिळलं. आता नाही गिळणार."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ज्याच्यावर ओरडावं असं स्वतःशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तो बाहेर आला, उभा राहिला.

"पाइप नीट बसवला नव्हता. मी. यानं पहिल्याच दिवशी पाइप तपासू म्हटलं होतं. मीच नको म्हटलं."

बाई स्टुलावरून उठल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घट्ट करा आणि गाडीत बसा," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग? काल त्या गोठेवालीनं मला काय काय ऐकवलं ठाऊक आहे? निवांत जेवूनखाऊन निघालात म्हणाली. तिला सांगा."

त्याच चढावर बाईंनी पाय दाबून धरला. गाडी सरसरत वर गेली. आरशात धुराचा मागमूस नव्हता. मिस्त्रीला ते बघवेना.

गोठेवाली दुधाचे कॅन घासत होती. मिस्त्रीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. क्लॅम्प म्हणजे काय हेही सांगितलं. तिनं घासणं थांबवलं नाही.

"तुम्ही खरं बोललात, मग मी काय करू?" ती शेवटी म्हणाली. "सात वर्षांची होती. हाक मारली की मान वळवायची. खरं बोलायचंच होतं, तर तीन महिन्यांपूर्वी तपासून बोलायचं होतं." मग डॉक्टरबाईंकडे वळली. "बाई, काल मी नाही नाही ते बोलले. आत या. दुसरीला दिवस भरत आलेत, बघून घ्या."

दोघी आत गेल्या. मिस्त्रीला कुणी बस म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. तो थोडा वेळ अंगणात उभा राहिला आणि चालत खाली उतरला.

गॅरेजमध्ये बायको मेहुण्याच्या टेबलापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. टेबल रिकामं होतं.

"गेला स्कॅनर घेऊन," ती म्हणाली. "माझ्या भावाला लोकांसमोर बिनडोक म्हणालात म्हणे?"

"म्हणालो."

"सोमवारी येईन म्हणालाय. पण यापुढे तुमचं काम तो तपासणार, मगच गाडी फाटकाबाहेर जाणार. कबूल असेल तर तुम्ही स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगायचं. माझ्यामार्फत निरोप चालणार नाही."

मिस्त्रीला पुन्हा राग आला. आपल्याच गॅरेजात आपली तपासणी! तो तोंड धुवायला नळावर गेला, डोळ्यांत अजून साबण चुरचुरत होता. मग शर्ट बदलून मेहुण्याच्या घरी निघाला.