तांबीचा दोरा

पडवीच्या दांडीवर लंगोट तीन. दोन सुकलेले, एक ओला. आत पाळणा एक, त्यात अकरा आठवड्यांची मुलगी, झोपलेली. तिच्या कंबरेला काळा दोरा, दोऱ्यात तांब्याचा भोकाचा पैसा एक. पाळण्याखाली काशाची वाटी एक, वाटीत दूधभात, कुणी न शिवलेला. भाताच्या कडेने मुंग्या. त्या मी मोजल्या नाहीत.

ही नोंद १९८५ च्या बारा फेब्रुवारीची आहे. आदल्या वर्षी मी प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते आणि सहा महिन्यांचं काम मिळालं होतं. हातखंब्याच्या तिठ्यावरून आत जाणाऱ्या नऊ गावांतली एक वर्षाखालची मुलं महिन्यातून एकदा वजन करायची. सामान थोडंच होतं: आढ्याला टांगायचा तबकडीचा काटा, कापडी झोळी आणि वही. प्रत्येक घरात आधी मोकळी झोळी टांगून काटा शून्यावर आणायचा, हा माझा नियम होता. मुलाने झोळी ओली केली की पुढच्या मुलाचं वजन चुकतं, म्हणून मी दोन झोळ्या बाळगत असे.

त्या घरात तिघीच होत्या. काशी, वय बावीस. तिची सासू गंगाबाई. आणि झोळीतली राही. काशीचा नवरा शिवा मुंबईला गोदीत कामाला होता. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा.

जानेवारीत राही चार किलो भरली होती. आज काटा चार किलो पन्नासवर थांबला. मी तिला तीनदा उतरवून तीनदा ठेवलं. काटा तिथेच. महिन्यात सहा-सातशे ग्रॅम वाढायला हवी होती, वाढली होती पन्नास.

"काटा बदला तुमचा, वजनवाल्या बाय," गंगाबाई म्हणाल्या. "उपाशी हाय तो."

"शेजारच्या सखूचं पोर ह्याच काट्यावर बरोबर भरलं."

"मंग खरं सांगू? रागावशाल." त्यांनी पायाने वाटी पाळण्याखाली आणखी आत सरकवली. "आमचा थोरला पितो. हिच्या आधी तो येतो, पोटभर पितो, आनि हिला उरलंसुरलं. मी म्हनून रोज भात ठेवत्ये. पन त्याला भात नको, त्याला आईच पायजे."

थोरला म्हणजे काशीचा पहिला मुलगा, भिवा. दीड वर्षापूर्वी आठ महिन्यांचा होऊन गेला. एवढं माझ्या वहीत होतं, कारण लिहिलेलं नव्हतं.

गंगाबाई बकरी सोडायला परसात गेल्या. काशी भिंतीला टेकून बसली होती. राही पाळण्यात गाढ झोपली होती. काशीने एकदम मान वर केली, जशी कुणी हाक मारल्यावर करतात.

"ऐकलंत?"

मी काही ऐकलं नव्हतं. पण तिच्या चोळीवर डाव्या बाजूला एक डाग उमटला आणि माझ्या डोळ्यांदेखत रुपयाएवढा झाला. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून बारा मिनिटं.

"पोर निजलेलं असतं नि चोळी भिजते. ही रडत नाय, बाय. मंग रडतंय कोण?"

पान्हा कसा फुटतो ते मी शिकले होते. मेंदूतून एक स्राव रक्तात उतरतो. त्यासाठी मूल रडावंच लागतं असं नाही, मुलाची आठवणही पुरते. तसं मी तिला सांगितलं.

"आठवन," ती म्हणाली. "मी बी तेच म्हनत्ये."

ती उठली आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून गोळ्यांची दोन पाकिटं काढली. पहिलं रिकामं. दुसऱ्यातल्या तीन जागा फुटलेल्या. अठ्ठावीस आणि तीन, एकतीस.

"सखूनं दिली. तिनं आप्रेशन केलं ना, तिला आता काय करायचीत? शिमग्याला हे येतील. आधीपासनं खाल्ल्या की अंगात मुरतात, असं सखू म्हनली." तिने परसाकडे पाहिलं. "आयेला ठावं नाय."

रोज एक, म्हणजे जानेवारीच्या वजनाच्या तीन दिवस आधीपासून. मी पाकीट उलटं करून वाचलं. संततिनियमनाच्या ह्या गोळीतल्या एका घटकाने दूध कमी होऊ शकतं. अंगावर पाजणाऱ्या बाईने पहिले सहा महिने ती घ्यायची नसते. सखूचं मूल जेवायला लागलं होतं, तिला फरक पडला नव्हता. मी काशीला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "दूध कुणी पीत नाही, काशी. ते तयारच कमी होतंय."

तिने पाकिटं पदराखाली घेतली.

"भिवाच्या वेळी काय नव्हतं घेतलं," ती म्हणाली. "आये म्हनली, अंगावर पाजतेस तवर दिवस जात नायत. मला पाळी बी आली नव्हती. तो सा महिन्यांचा, नि मला मळमळाय लागलं. मंग आये म्हनली, गरवार बाईचं दूध पोराला विष. तोडला त्याला. पेज द्यायचो बाटलीतनं. पावसाचे दिवस, संडास लागली. तो गेला. नि चौथ्या महिन्यात पोटातलं बी गेलं."

विष नव्हतं, हे मला माहीत होतं. ते त्या वेळी बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. मी शिमग्याला किती दिवस राहिले ते मोजले. तेवीस.

"गोळी आज बंद करायची. राहीला दर दोन तासांनी अंगावर घ्यायचं, दूध पुन्हा वाढेल. नुसतं पाजण्यावर विसंबायचं नाही, ते तू पाहिलंसच. शिवासाठी निरोध मिळतात, फुकट."

"त्यांना सांगनार कोन? तुमी सांगाल?" त्या दुपारी ती पहिल्यांदा हसली. "पडवीत बसवून, काट्यात घालून सांगा."

"मग तांबी. मंगळवारी आरोग्य केंद्रात डॉक्टरीणबाई बसवतात. दुधावर काही परिणाम नाही. तीन वर्षं बघायला नको."

तेवढ्यात गंगाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी शेवटचंच ऐकलं.

"तांबी? तांब्याची असते ती?"

"तांब्याची बारीक तार असते."

"नि कुठं बांधतात?"

"बांधत नाहीत. आत बसवतात. पिशवीत."

गंगाबाई राहीच्या कंबरेच्या पैशाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसवा. हा पैसा बांधला तवापासनं तो पाळन्याला हात लावीत नाय, थेट काशीच्या अंगावर येतो. तांब्याला भितो तो. आत तांबं असलं तर यायचाच नाय. एवढी शिकलेली माणसं, आधी का नाय सांगितलंत?"

माझ्या पिशवीत तांबीची माहिती देणारा कागद होता. तो काढून त्यांना वाचून दाखवायला हवा होता. मी दांडीवरच्या तीन लंगोटांकडे पाहिलं, दूध कमी म्हणून दिवसभरात ओला एकच, आणि म्हटलं, "पुढच्या मंगळवारी सकाळी पाठवा."

काशीचा चेहरा मात्र उतरला. मी निघाले तेव्हा ती काटा उचलून देण्याच्या निमित्ताने अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत आली.

"गोळीचं बरं होतं. बंद केली की दार उघडं."

"कसलं दार?"

"गेलेलं पोर त्याच आईकडं परत येतं. तो म्हनून तर घिरट्या घालतो. दूध प्यायला नाय येत तो, बाय. जागा बघायला येतो. तांबं बसवलं तर त्याला वाटंल, आईनं दुसऱ्यांदा तोडलं."

मी काटा पिशवीत घातला. "तांबी काढता येते. तिला खाली बारीक दोरा असतो. तीन वर्षांनी, किंवा तू म्हणशील त्या दिवशी, दोरा ओढला की बाहेर."

"दोरा ठेवतात?"

"ठेवतात. दर महिन्याला बोटाने बघायचा, आहे ना."

"त्याला सापडंल तो?"

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना सापडतो."

मंगळवारी ती आली. मी केंद्रातच होते. बाईंनी विचारलं, "नवरा कुठाय?" "मुंबईला." "मग दिवस गेल्याची भीती नाही, आजच बसवू." दहा मिनिटं लागली. बाहेर आल्यावर काशीने मला एकच विचारलं, दोऱ्याचा रंग कोणता. मी आत जाऊन विचारून आले आणि तिला सांगितला.

मार्चच्या चौदा तारखेला मी पुन्हा त्या घरी गेले. पालखी येऊन गेली होती, अंगणात गुलाल होता. शिवा पडवीत चिरलेल्या मडक्याला पट्टी लावत बसला होता. त्याने मला "या वजनवाल्या बाय" म्हटलं, म्हणजे आईकडून सगळं ऐकलं होतं. दांडीवर लंगोट आठ. सात ओले. पाळण्याखाली वाटी नव्हती.

"आता येत नाय तो," गंगाबाई म्हणाल्या. "तांबं ते तांबं."

मी काशीकडे पाहिलं. तिची चोळी कोरडी होती.

"पंधरा दिवस झाले," ती हळू म्हणाली. "ही रडली तरच दूध येतं. नायतर काय ऐकू येत नाय. दोरा हाय. रोज बघत्ये."

"महिन्यातून एकदा पुरे."

"रोज बघत्ये."

मी मोकळी झोळी टांगली, काटा शून्यावर आणला. काशीने राहीला झोळीत ठेवलं. राहीने काट्याकडे बघून पाय झाडले. काटा थांबेपर्यंत मी वाट पाहिली, आकडा वाचला, लिहिला. काशीने तिला उचलून शिवाकडे दिलं आणि मी झोळी काढायला हात वर केला.

"ऱ्हाऊ दे जरा," काशी म्हणाली. "मोकळी बघा."

"मोकळी आधीच बघितली."

"आता बघा. त्यात कोन हाय का."

शिवा हसला. गंगाबाई हसल्या नाहीत. झोळी हलत होती, मी ती स्थिर होऊ दिली, हात बाजूला घेतला, आणि तबकडीच्या समोर डोळा आणून वाचलं.

राही: चार किलो नऊशे ग्रॅम. मोकळी झोळी: पन्नास ग्रॅम.