काठोकाठ वाटी

चहाची वाटी काठोकाठ भरून पुढ्यात आली आणि अनारकुलचा चेहराच पडला. पाहुणा बसावा असं वाटलं तर त्याला घोटभर चहा ओतायचा, संपला की पुन्हा घोटभर. भरलेल्या वाटीचा अर्थ आतबाशी गावातलं शेंबडं पोरही सांगेल: पी आणि चालू लाग.

"आपा, सही राहिली," ती तरी म्हणालीच. गावचं वाचनालय सांभाळून सांभाळून हा चिवटपणा तिच्या अंगात मुरला होता.

"राहू दे. चहा निवतोय."

तोकतोबूबू आपांचे यजमान गुरांचे डॉक्टर होते. घोड्यांच्या दुखण्यांवर त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. मेंढपाळांनी हाताळून वाचनालयातल्या प्रतीच्या चिंध्या केल्या. धड प्रत उरली ती आपांच्या घरी. राजधानीतल्या ग्रंथालयाने पुस्तक स्कॅन केलं खरं, पण करार असा की ते तिथल्याच एका संगणकावर बघायचं. म्हणजे घोड्याचं पोट फुगलं की माणसाने डोंगर उतरून राजधानी गाठायची! हक्क आपांकडे. त्यांनी सही केली की पुस्तक सगळ्यांच्या फोनवर, फुकट.

"अहो, घोडे मरताहेत तिकडे कुरणात! डॉक्टरांना चाललं असतं का हे?"

"त्यांना मध्ये आणू नकोस!" आपा ताडकन म्हणाल्या. मग आवाज उतरला. "अगं, पुस्तक बघायला म्हणून माणसं येतात. बसतात, नान खातात, ह्यांच्या आठवणी काढतात. ते फोनात गेलं की माझ्या दारात कुत्रं तरी फिरकेल का?"

अनारकुलला गलबलून आलं. एवढंच होतं तर! आणि आपण हिला हट्टी म्हातारी म्हणत बसलो. भरली वाटी समोर असूनही ती उठली नाही.

"मग करारातच घालू. पहिल्याच पानावर लिहायचं, काही अडलं तर डॉक्टरांच्या घरी या, चहा तयार आहे."

"करारात असलं काही लिहितात होय?"

"पुस्तक तुमचं, अट तुमची. बघू कोण नाही म्हणतंय!"

ग्रंथालयाचा वकील फोनवर खो खो हसला, पण अट त्याने जशीच्या तशी घातली. आपांनी सही केली.

उन्हाळ्यात कुरणावरून माणसं उतरू लागली. कुणाला खरंच काही अडलं होतं, बहुतेकांना काहीसुद्धा अडलं नव्हतं. पुस्तक खिशातल्या फोनवर, हातात घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमीसची बाटली, आणि तोंडभर हसू. एकाने जगलेल्या शिंगराचा फोटो दाखवला. आपांनी तो फोन भिंतीवरच्या तसबिरीसमोर धरला. "बघितलंत का हो?" एवढंच म्हणाल्या आणि लगबगीने नान कापायला वळल्या.

अनारकुल कशीबशी कोपऱ्यात टेकते न टेकते तोच तिच्यापुढे वाटी आली. काठोकाठ.

"आपा! मला?"

"मग काय तर! पटकन पी आणि ऊठ बाई, दारात माणसं ताटकळलीत."

अनारकुलने उभ्या उभ्याच वाटी संपवली, जीभ पोळून घेतली आणि हसत हसत जागा करून दिली.